पिवळं की काळं

"आज मी नाही असं समजा," अक्का म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला देवळाच्या पायरीवर बसली. नाडी बांधून झाली तरी ती उठेना.

"नाही म्हणजे?" निमकरांनी विचारलं.

"म्हणजे मी आलेच नाहीये. वाट चुकलात तरी मी बोलणार नाही. कुठं वळायचं ते त्या यंत्राला विचारायचं. विजी पुढं चालेल, तुम्ही मधे. मी मागून येते. डोंगरमाथा येईपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप."

घोणसऱ्या डोंगराच्या सोंडेवर नुकती उन्हं आली होती. दिवाळी होऊन गेलेली, गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि पायथ्याच्या त्या मारुतीपाशी आम्ही तिघंच. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण अक्काचं ते पायरीवर बसणं मला अजून दिसतं. दमलेलं माणूस चढून आल्यावर बसतं. ही निघायच्या आधीच तशी बसली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुंदा सोनवणे. नाशकातल्या आमच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींची वाटाडी. शिक्षिका, नर्सा, बँकेतल्या बाया, त्यांचे नवरे, असा आमचा गोतावळा दर रविवारी तिच्या पाठीमागून चालायचा. कुठं पाणी आहे, कुठल्या कड्यावर मधमाश्या आहेत, पाऊस झाला की कुठली वाट वाहून जाते, सगळं तिला तोंडपाठ. आम्हाला कुणालाच काही लक्षात ठेवावं लागत नसे. मला तर मुळीच नाही. मी आमच्याच गल्लीत रिक्षावाल्याला चुकीचं वळण सांगणारी बाई.

त्याच्या तीन वर्षं आधी दाजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून अक्काचा आठवडा म्हणजे दाजींना उठवणं, बसवणं, अंघोळ, भरवणं, रात्रीतून कूस बदलून देणं. रविवारी शेजारच्या पवारवहिनी त्यांच्यापाशी बसायच्या आणि अक्का आम्हाला घेऊन डोंगरावर यायची. लोक म्हणायचे, "बरं आहे हो, तेवढाच मोकळा वारा मिळतो तुम्हाला." अक्का हसायची. मीही तेच म्हणत असे.

मग एकदा माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "विजे, डोंगराचा कंटाळा नाही गं आला. पण मला झोपायचंय. एक रविवार. दुसरं काही मागत नाही मी."

"मग झोप की. कोण अडवतंय?"

"कोण नेणार मग सगळ्यांना? मागच्या महिन्यात ताप होता मला, तर आपल्यातल्या साठेबाई फोनवर म्हणाल्या, 'अक्का, हळूहळू चढा, पण याच.' गेले ना मी." तिनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. "पुढं चालायचं म्हणजे सगळ्यांचे पाय आपल्या पायांत घेऊन चालायचं असतं. निमकर म्हणतात, आता वाट दाखवणारं यंत्र मिळतं, हातात मावेल एवढं. ते आणू या. यंत्र आलं की मी सुटले."

बैठकीत कल्पना मांडली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्र कुणाच्या हाती द्यायचं असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहीण ना मी तिची! माझी तर पाचावर धारण बसली. खरं सांगायचं तर ते यंत्र कुचकामी निघावं असंच मला वाटत होतं.

निमकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी ओळखीच्या दुकानदाराकडून दोन जीपीएस यंत्रं दोन रविवारांपुरती मागून आणली होती. वापरून बघायची, सोमवारी एक घ्यायचं आणि एक परत करायचं. अक्का पायरीवर बसली असताना त्यांनी ती दोन्ही मारुतीसमोर मांडली, जणू नैवेद्यच दाखवतायत.

"हे काळं बघा, विजयाताई. रंगीत नकाशा. बोट लावलं की सरकतो. नावं मराठीत लिहिता येतात. किती सुबक आहे!"

"आणि पिवळं?"

"पिवळं आपलं साधं. एक बाण आणि खालती ठिकाणाचं नाव, तेही इंग्रजी अक्षरांत. दगडासारखं जड. बटणं तर जुन्या रेडिओची वाटतात."

अक्कानं तोंड उघडलंच. "अजून चढ सुरू झालेला नाही, म्हणून बोलते. पिवळ्याला साधे सेल लागतात, खेड्यातल्या दुकानातसुद्धा मिळणारे. पडलं तरी फुटत नाही. घामेजल्या हातानं बटण दाबता येतं. मला पिवळं पसंत आहे. आता झालं माझं बोलून."

आदल्या रविवारी इथंच आम्हा सगळ्यांना घेऊन आली तेव्हा अक्कानं त्या पिवळ्यात जागोजागी खुणा करून ठेवल्या होत्या. नाव लिहायचं तर वरचं बटण, खालचं बटण असं दाबत दाबत एकेक अक्षर शोधावं लागे. ए पासून टी पर्यंत यायचं म्हणजे अंगठा दुखायचा. मग निमकरांनी घरी बसून त्या खुणा ओळीनं जोडल्या आणि त्यांचा एक रस्ता तयार केला. आता बाण एका खुणेकडून दुसऱ्या खुणेकडे नेणार, अशी सगळी योजना होती.

निघालो. मी पुढं, पिवळं गळ्यात. निमकर काळं घेऊन मधे. अक्का मागं.

बाण खरंच चालत होता. पहिली खूण व्हीएडी, म्हणजे वड. वड आला तशी यंत्रानं पीं केलं आणि मला शाळेत बक्षीस मिळाल्याचा आनंद झाला. मी वळून अक्काकडे पाहिलं. ती मान खाली घालून येत होती, एका हातानं गुडघा दाबत.

निमकर काळ्यावर फार खूश होते. दर वळणावर थांबून नकाशा मोठा करायचे, लहान करायचे, मला दाखवायचे. "हे बघा, हे आपण. हा निळा ठिपका म्हणजे आपण तिघं!" घामाच्या बोटानं नकाशा सरकेना तेव्हा ते बोट शर्टाला पुसायचे आणि पुन्हा लावायचे. खिंडीत पोचेपर्यंत त्यांचा शर्ट मळला आणि काळ्याचा जीव गेला. पडदा काळा तो काळाच.

"चार्जिंग संपलं," ते ओशाळून म्हणाले. "काल रात्री जरा जास्त बघितलं मी."

खिंडीत एक अंजनीचं झाड आहे. अक्का त्याच्या बुंध्याला टेकून बसली आणि हातानंच खूण केली, तुम्ही व्हा पुढं. मी यंत्र पाहिलं. पुढची खूण होती टीएएल. बाण डावीकडं.

खिंडीतून दोन वाटा फुटतात. उजवीकडची रुंद, डावीकडची बारीक, गवतात बुडालेली. मला आठवत होतं तसं आम्ही नेहमी उजवीकडून जायचो. पण माझ्या आठवणीला कोण विचारतं!

"टीएएल म्हणजे?" मी निमकरांना विचारलं.

"तळ. दुसरं काय असणार? तळ ठोकायची जागा. सपाटी असेल, सावली असेल. अक्कांनी आपल्या जेवणाची सोय करून ठेवलीय."

"पण आपण इकडून कधी गेलो नाही."

"म्हणूनच तर यंत्र हवं! नवी वाट दाखवतंय."

विचारून घ्यावं म्हणून मी वळले. अक्का झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात मातीत पडलेला, पाठीवरची पिशवीसुद्धा काढलेली नाही. गेल्या तीन वर्षांत मी तिला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. माझा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि मी तो मागं घेतला.

"राहू द्या," निमकर हळूच म्हणाले. "परीक्षा आपली आहे. आपण जाऊन डबे मांडू, मग हाक मारू."

डावीकडच्या वाटेनं गेलो. गवत कमरेएवढं होतं, पाय कुठं पडतो ते दिसत नव्हतं. मग गवत संपलं, झाडी संपली आणि यंत्रानं पीं केलं. पोचलो होतो.

समोर काहीच नव्हतं. म्हणजे सपाटी नाही, सावली नाही, बसायला दगड नाही. एक घळ होती, वरपासून खालपर्यंत सुट्या मुरमानं भरलेली, आणि खाली ती कुठं जाते ते दिसत नव्हतं.

"इथं?" मी म्हटलं.

निमकरांनी वाकून पाहिलं. "तळ म्हणजे खालीच असणार ना! थोडं उतरावं लागेल." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पाऊल टाकलं.

मुरूम हलला. निमकर बसल्या बसल्या खाली गेले, लहान मुलं घसरगुंडीवरून जातात तसे, फक्त हसत नव्हते. एका बाहेर आलेल्या खडकाला पाय लागून ते थांबले. त्यांच्या खालून दगड गडगडत गेले आणि बऱ्याच वेळानं कुठंतरी आपटल्याचा आवाज आला. तो आवाज यायला लागलेला वेळ मला अजून आवडत नाही.

"विजयाताई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला वाटतं, हा तळ नाही."

मी मूर्खासारखी त्यांना हात द्यायला पुढं झाले. हात पोचणारच नव्हता. दुसऱ्याच पावलाला माझाही पाय सुटला आणि मी पोटावर आडवी झाले. दोन्ही मुठींत वाळलेलं गवत, पाय मुरमात, आणि छातीखाली ते पिवळं यंत्र. ते मधून मधून पीं करून सांगत होतं की तुम्ही पोचला आहात.

मला ओरडायचं होतं, पण श्वास घेतला तरी गवत मुळासकट येईल असं वाटत होतं. अक्का झोपलीय, आणि आज ती नाही असं समजायचंय, एवढंच डोक्यात फिरत होतं. फार भीती वाटली. त्याहून जास्त वाटलं ते हे, की तिला आता उठावं लागणार.

दगडांच्या आवाजानंच ती उठली. पळत आली असणार, कारण वर दिसली तेव्हा तिचा ऊर धपापत होता. मग तिचं कुलूप उघडलं.

"विजे, हलू नकोस. डोकं उचलू नकोस. निमकर, खडकाला मिठी मारा आणि खाली बघू नका. मी दोर बांधते."

दोर तिच्याच पिशवीत असायचा. नेहमीच. तो जड असतो म्हणून तो दुसऱ्या कुणी घ्यावा हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं तो मागच्या झाडाला गुंडाळला, टोक माझ्यापर्यंत सोडलं आणि मला वर घेतलं. मग आम्ही दोघींनी मिळून निमकरांना वर ओढलं. निमकर तसे अंगानं भरलेले. दोर हातातून सरकताना अक्काच्या तळव्याची साल निघाली, पण तिनं दोर सोडला नाही.

तिघंही गवतात बसलो. निमकरांच्या विजारीचं मागून वाटोळं झालं होतं, ते शर्टाच्या टोकानं झाकत बसले होते.

"इथं कशाला आलात?" अक्कानं विचारलं. रागानं नाही. राग यायलाही अंगात ताकद लागते.

"यंत्रानं आणलं," मी म्हटलं. "तूच लिहिलंस ना? टीएएल. तळ."

"तळ?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "अगं, टाळ! टाळ लिहिलंय मी! ही जागा टाळ!"

निमकरांनी कपाळावर हात मारला. "आणि मी ती रस्त्यात ओवली!"

"मुद्दाम एकटी घळीच्या तोंडाशी येऊन खूण केली, पाटी लावल्यासारखी. की बाई, इकडं यायचं टाळ."

"मी म्हटलं असतं भजनातले टाळ," निमकर पुटपुटले, "पण ते इथं कोण वाजवणार."

"डेंजर तरी लिहायचंस," मी म्हटलं.

"डेंजरला किती अक्षरं! एका अक्षराला तो अंगठा किती वेळा दाबावा लागतो ठाऊक आहे? त्याच्या आदल्या रात्री दोनदा चादर बदलली होती मी. हातात जीव नव्हता गं. म्हटलं, तीन अक्षरांत भागतंय."

मला आधी हसू आलं. निमकरांनाही. टाळ आणि तळ! आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो, वाचलेली माणसं हसतात तसं. मग लक्षात आलं की अक्का हसत नाहीये. सोललेले तळवे मांडीवर उताणे ठेवून ती रडत होती. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी गळत होतं आणि ते पुसायचाही तिला कंटाळा आला होता.

"म्हणजे मी नाहीच सुटत," ती म्हणाली. "यंत्र आणलं तरी मीच लागणार. माझ्या डोक्यातलं मलाच वाचता येतं."

"काळं घेऊ या," निमकर घाईनं म्हणाले. "त्यात मराठी लिहिता येतं. टाळला टाळ, तळाला तळ. प्रश्न मिटला."

"काळं खिंडीतच मेलं, निमकर," मी म्हटलं.

"मग?"

मग काय, ते मलाही माहीत नव्हतं. पण अक्काचे ते हात बघवत नव्हते. मी गळ्यातलं पिवळं पुसलं. घळीत माझ्याखाली रगडलं गेलं होतं, तरी बाण शाबूत होता. मी म्हटलं, "पिवळंच घ्यायचं. खुणा मी करणार. अक्का, तू खुणा केल्यास त्या तुला कळतील अशा. तुला तर यंत्र लागतच नाही. ज्याला वाट ठाऊक नाही त्याला कळायला हवं ना? या डोंगरावर माझ्याइतकं अडाणी कुणी नाही. मला कळलं तर सगळ्यांना कळेल."

"हे मात्र खरं," निमकर म्हणाले, जरा जास्तच पटकन.

"आधी ही टाळ पुसते. इथं काय लिहू?"

"मृत्यू," निमकर म्हणाले.

"काहीतरीच! परत लिहू? पीएआरएटी. परत फिरा."

अक्कानं नाक ओढलं. "परात वाचशील आणि पुन्हा जेवायला येशील इथं."

तिच्या तोंडून गंमत ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला मिठीच मारणार होते. पण हातात यंत्र होतं. मी वरचं बटण, खालचं बटण करत चार अक्षरं शोधली. एन, ए, के, ओ. नको. उलटसुलट वाचून पाहिलं. दुसरं काहीच होत नव्हतं.

"नको," निमकरांनी मोठ्यानं वाचलं. "छान आहे. भांडण नाही."

खिंडीत परत आलो. दोर मी माझ्या पिशवीत घातला, अक्कानं फक्त पाहिलं. उजवीकडच्या वाटेनं माथ्यापर्यंत मी पुढं चालले. दर वळणाला थांबून विचारायची, "इथं काय बघायचं?" आणि अक्का सांगेल ते माझ्या शब्दांत भरायची. फार वेळ लागला. उन्हानं जीव नकोसा झाला. माथ्यावर डबे उघडले तेव्हा चपात्या कडक झाल्या होत्या आणि कुणालाच भूक नव्हती. अक्का दोन घास खाऊन दगडाला टेकली. या वेळी कुणी तिला मागं टाकून गेलं नाही.

संध्याकाळी खाली मारुतीपाशी आलो. निमकरांनी दोन्ही यंत्रं डब्यांत भरली आणि सवयीनं विचारलं, "मग पुढच्या रविवारी कुठं, अक्का? तुम्ही म्हणाल तिथं."

अक्का देवळाच्या पायरीवर बसून बूट झटकत होती. तिनं वर पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. साठेबाईंना, पवारवहिनींना, मला, सगळ्या जगाला ती आजवर बरं म्हणत आली होती. आताही ओठांवर तेच येत होतं, मला दिसत होतं.

"नको," ती म्हणाली.

"अं?"

"मला नको. तुम्ही जा. विजी नेईल."

आणि एवढं बोलल्याचं तिलाच नवल वाटल्यासारखी ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघू लागली. निमकर भला माणूस. "हो हो, अवश्य," म्हणाले आणि उगाच मारुतीला दुसऱ्यांदा नमस्कार करायला गेले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. पिवळं माझ्या गळ्यात, पाठीमागं सगळा गोतावळा. त्याआधी पहाटे मला अक्काकडं जावं लागलं, कारण डोंगरावर न्यायची औषधांची पिशवी तिच्याकडं राहिली होती. त्यांच्या दाराची कडी खिडकीतून हात घालून काढता येत असे. मी ती हळूच काढली.

बाहेरच्याच खोलीत दाजींची खाट. दाजी जागे होते. बाजूला जमिनीवर सतरंजी टाकून अक्का झोपली होती. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी झोपायची तशी. तळव्यांना फडकं बांधलेलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर औषधांची पिशवी होती आणि तिथं जायचं तर तिला ओलांडावं लागणार होतं.

सवयीनं माझ्या तोंडून निघालंच, "अक्का..."

खाटेवर हालचाल झाली. दाजींनी डावा हात उचलला. तो एकच हात त्यांचा उरला होता. मोठ्या कष्टानं तो तोंडापर्यंत नेऊन त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग त्याच हातानं मला दाराकडं दाखवलं. जा.

मी पिशवी न घेताच बाहेर आले आणि खिडकीतून हात घालून कडी लावली.